उद्याची बेगमी

नातेपुत्याहून नीरा नदी ओलांडून बारामतीच्या अंगाला गेलं की पुढे सुपे लागतं. 12 मे 1875 ला तिथे बाजार भरला होता. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लूट झाली, जाळपोळ झाली, पण जमावाचा खरा रोख होता तो कागदांवर. गहाणखतं, कर्जरोखे, कोर्टाचे हुकूमनामे हाती लागले तसे त्यांनी जाळले. माणसांना इजा फारशी झाली नाही. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

दंगे शमल्यावर सरकारने चौकशी आयोग बसवला. कर्जाचं कारण काय, याचं एक उत्तर अनेक इंग्रज अंमलदारांकडे आधीपासूनच तयार होतं. शेतकरी उद्याची तजवीज न करता वागतो, लग्नकार्यात आणि सणावारांत पैसा उडवतो, म्हणून बुडतो, असं ते सांगत. शब्द भारदस्त, दोष सगळा कुणब्याच्या स्वभावाचा. आयोगाने मात्र हे म्हणणं जसंच्या तसं उचललं नाही. लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात, वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर तो खर्च अवाच्या सवा ठरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारच्याच आयोगाने सरकारी अंमलदारांचा हा आवडता समज खोडून काढावा, ही मोठी गोष्ट आहे. ती आपल्याकडे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. आजही शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की मांडव, डीजे आणि जेवणावळीच आधी आठवतात.

खरं काय घडलं होतं? 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला जाणं जवळपास थांबलं. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, तसे तेच सावकार हात आखडून बसले. नेमक्या त्याच काळात जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. पीक येवो न येवो, तो रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. त्यात मुदतीचा कायदा. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं, म्हणून दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं. अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. कोर्टाचं समन्स आलं तरी तालुक्याला जाण्याची ऐपत नव्हती, मग निकाल एकतर्फी लागायचा.

अशा माणसाने उद्याचा विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चार पायली ज्वारी मागे ठेवली तरी ती जप्तीत जाणार. बांध घातला, विहीर खणली, तर वाढलेल्या उत्पन्नावर आधी सावकाराची नजर पडणार. ज्याचा उद्या दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला आहे, त्याने आज पोरीच्या लग्नात गावाला गोड घास घातला तर त्याला अविचारी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. उद्या आपल्या हातात असेल, निदान त्यातला काही भाग असेल, अशी खात्री असल्याशिवाय माणूस बेगमी करत नाही. दूरदृष्टी हा गुण खरा, पण तो उगवायला पायाखाली थोडी जमीन लागते.

1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर, हे चार जिल्हे त्यात धरले होते. त्याआधीच 1876 ते 78 चा दुष्काळ येऊन गेला होता. 1883 साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या अज्ञानावर आणि खर्चिक चालीरीतींवर त्यांनी कोरडे ओढले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. फौजेतले आणि पोलिसांतले रिकामे हात लावून जागोजाग ताली आणि बांध घालावेत, पावसाचं पाणी शेतात मुरेल अशी सोय करावी, हेही त्यांनी सुचवलं. माणसाला दोष देऊन मोकळं न होता त्याच्या उद्याची सोय लावणारा हा विचार मला त्या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता आपल्या नातेपुत्याकडे येऊ. माळशिरस तालुक्याचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दक्षिणेला शंभू महादेवाचे डोंगर, उत्तरेला नीरा, आणि मधून नीरेचा उजवा कालवा. कालव्याच्या खालच्या अंगाला बागायत आणि वरच्या अंगाला जिरायत, आणि इथली सगळी सोयरीक आणि सगळी ईर्षा या एका रेषेवर ठरत आली आहे. पोरीला स्थळ बघताना शेत कालव्याखाली आहे का, हे आधी विचारतात.

कालव्याने या भागाला उद्या दिला, यात शंका नाही. 1932 साली सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा करण्याचं ठरवलं, ते या पाण्याच्या भरवशावर. गुळाच्या भावावर हेलकावे खाणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन आपल्या उसाची आपण सोय लावली. पुढे अकलूज, सदाशिवनगर अशी कारखान्यांची रांग लागली. पक्की घरं आली, पोरं शिकली. 1875 सालच्या कुणब्याला जे कधी मिळालं नाही, ते त्याच्या पणतूला मिळालं.

पण नीरेच्याच डाव्या काठावर काय झालं तेही आठवणीत ठेवायला हवं. डावा कालवा 1885 ला सुरू झाला. पंचवीस वर्षांच्या आत तिथल्या कितीतरी जमिनींवर पांढरा थर चढला, कारण पाणी मिळतंय म्हणून दिलं जात होतं आणि निचऱ्याची कुणाला फिकीर नव्हती. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांच्यासारख्या कृषी खात्यातल्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा तपास केला होता. त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली. सलग जमिनीचा गट पाडायचा, त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकीत हंगामी पिकं, आणि कालव्याचं पाणी थोड्या गावांत जिरवण्यापेक्षा अनेक गावांत पसरायचं. सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला, मग फायदा पटला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच नदीच्या पाण्यासाठी कुणीतरी उसाला हद्द आखली होती. ती हद्द आपण पुढे पुसून टाकली.

ती पुसली गेल्याचा परिणाम कालव्याखालच्या चाऱ्यांत दिसतोच. टेलच्या शेतकऱ्याला पाळी येईपर्यंत पाणी उरत नाही. पण त्याहून जास्त काळजीची गोष्ट जमिनीखाली चालली आहे.

कालव्याच्या वरच्या अंगाला बोअर घेणं हा आता शेतीचाच एक भाग झाला आहे. पाणाड्या नारळ घेऊन रानातून फिरतो, पॉइंट दाखवतो. रात्री रिग येते. दर फुटावर असतो, केसिंगचा वेगळा. घरची माणसं फुफाट्यात उभी राहून धुळीचा रंग बघत राहतात. पहिली ओल दिसली की हायसं वाटतं, मग पुन्हा कोरडी भुकटी. तीनशे फुटांवर थांबायचं ठरवून आलेला माणूस साडेचारशेला पोचतो, कारण आत्तापर्यंत घातलेला पैसा सोडून देववत नाही. दोन इंची पाणी लागलं तर गुलाल, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा पॉइंट. पाणी लागलं की त्यावर ऊस. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो, म्हणजे मधला एक पूर्ण उन्हाळा त्याला पाजायचा. आणि तो उन्हाळा आला की बोअर उचक्या देऊ लागतं.

इथला खडक काळा कातळ आहे. वरच्या मुरमात, झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात पावसाचं पाणी मुरतं. जुन्या विहिरी याच पाण्यावर चालत. पाऊस झाला की भरत, उन्हाळ्यात तळ गाठत, आणि तळ दिसला की पिकाला हात आखडायचा हे घरातल्या पोरालाही कळत असे. खालचा अखंड कातळ पाणी फारसं धरत नाही. त्यातल्या फटींत जे असतं त्याला तिथे पोचायला फार काळ लागलेला असतो. तो साठा एकदा उपसला की पुढच्या मृगाने तो भरून निघत नाही. विहिरीला तळ दिसत होता, बोअरला दिसत नाही, हा फरक मला फार घातक वाटतो. डोळ्यांना दिसणारी हद्द गेली आणि तिच्या जागी मनाने घालून घ्यायची हद्द आपण आणली नाही.

मग हा बोअर घेणारा शेतकरी अविचारी आहे का? इथे मला सुपे पुन्हा आठवतं. त्याच्या जागी उभं राहून बघा. रानात पीक उभं आहे, सोसायटीचं कर्ज त्या पिकावर आहे, पोराची फी त्या पिकावर आहे. शेजाऱ्याने पाचशे फूट घेतलं म्हणून आपली विहीर आटली. मी थांबलो तर माझ्या वाट्याचं पाणी तो ओढून घेणार, हे त्याला स्वच्छ दिसतं. ज्वारी, करडई, हरभरा घ्यावा तर भावाची शाश्वती नाही. उसाला निदान ठरलेला दर आहे आणि कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. त्याचा हिशेब त्याच्यापुरता अगदी बरोबर आहे. प्रत्येकाचा हिशेब असा बरोबर येतो आणि सगळ्यांचा मिळून गाव कोरडं पडतं. म्हणूनच त्याला घरात बसून उपदेश करणं निरर्थक आहे. आपल्या एकट्याच्या शहाणपणाने तो पाणी वाचवू शकत नाही, कारण वाचवलेलं पाणी त्याच्या शेताखाली थांबत नाही.

तरीही, 1875 चा कुणबी आणि आजचा शेतकरी यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो आपण टाळू नये. त्या कुणब्याला मत नव्हतं, वाचता येत नव्हतं, कायदा त्याच्या विरुद्ध होता. आपल्याकडे ग्रामसभा आहे, नगरपंचायत आहे, सहकारी संस्था आहेत, आणि भूजलाचा राज्याचा 2009 चा कायदाही आहे. उद्या आपल्या हातात नाही, असं आपल्याला म्हणता येणार नाही. तो एकट्याच्या हातात नाही एवढंच.

आणि मिळून बेगमी करणं या भागाला नवं नाही. मुंगी घाट चढून शिखर शिंगणापूरला गेलं की मोठं तळं दिसतं. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी ते बांधवलं. चारशे वर्षं झाली. चैत्रातल्या यात्रेला कावडी घेऊन येणाऱ्या, अजून जन्मालाही न आलेल्या माणसांच्या तहानेचा विचार तेव्हा कुणीतरी केला होता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, ती कथा आपण भक्तीने सांगतो. पण कोठारं उघडायला आधी ती भरलेली असावी लागतात. पेवात, बळदात धान्य घालणाऱ्यांची, वैरणीची गंज दोन वर्षं पुरेल अशी रचणाऱ्यांची कथा कुणी सांगत नाही. सोलापूरची ज्वारी धान्याइतकीच कडब्यासाठी जपली जायची, यामागे हाच विचार होता.

दरवर्षी आषाढात तर आपल्या डोळ्यांसमोरच ही बेगमी होते. माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. लाखो वारकरी एका रात्रीत या लहानशा गावात उतरतात. दिंड्यांची तयारी महिनोन्‌महिने आधी झालेली असते: भिशी गोळा झालेली, ट्रक ठरलेला, तंबू, जळण, शिधा, सगळं मोजून भरलेलं. गाव आपली तयारी वेगळी करतं. टँकर किती लागतील, कुठल्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे, पाण्यात जंतुनाशक टीसीएल किती टाकायचं, तळावर दिवे कुठे, शौचालयं कुठे. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी आपलं पाणी राखून ठेवत नाही. जे गाव एका रात्रीसाठी लाखो माणसांच्या पाण्याचा हिशेब मांडू शकतं, त्याला स्वतःच्या वर्षभराच्या पाण्याचा हिशेब मांडता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

पालखीच्याच वाटेवर, पुरंदर तालुक्यात, हा हिशेब मांडला गेला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस घ्यायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, उसाला बंदी घातली, आणि पावसाळा संपला की किती पाणी पडलं, किती मुरलं ते मोजून रब्बीची पिकं ठरवण्याची रीत घातली. दोन्हीकडे नियम कडक होते आणि ते गावाने स्वतः घातले होते. एकाने पाळला आणि दुसऱ्याने मोडला, असं चालणार नव्हतं.

आपल्याकडे सगळं तसंच्या तसं उचलता येणार नाही, हे मलाही कळतं. कालव्याखालच्या माणसाला ऊस सोड म्हणणं सोपं नाही, आणि कारखान्यांवर हजारो घरं चालतात. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, बोअरच्या पाण्यावर आडसाली ऊस लावू नये, एवढी तरी हद्द गावाने घालायला काय हरकत आहे? जिथे ऊस आहे तिथे ठिबकशिवाय पाणी नाही, हे तरी ठरवता येईल. नवं बोअर घेण्याआधी शेजारच्या विहिरीवाल्यांना विचारलं जावं, एवढी साधी रीत पाळता येईल. ज्वारी-हरभरा घेणाऱ्याला भाव मिळावा म्हणून सोसायटीने आणि बाजार समितीने काय करायचं, हेही त्याच बैठकीत बोलता येईल, नाहीतर हद्दीचा सगळा भार पुन्हा त्या एकट्या माणसावर पडेल.

उत्तरा-हस्ताचा पाऊस संपला की विहिरींची पातळी सगळ्यात वर असते. ती मोजायला दोर आणि दगड पुरतो. यंदा दसरा-दिवाळीच्या मध्ये नातेपुत्यात प्रभागवार आणि आसपासच्या गावांत आळीवार विहिरी मोजाव्यात, आकडे पालखी तळाजवळच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावेत, आणि उसाची लागण ठरवण्याआधी ते सगळ्यांनी मिळून वाचावेत. हे काम एका दिवसाचं आहे. सुरुवात कुठल्या विहिरीपासून करायची ते आजच शेजाऱ्याशी बोलून ठरवा.